घुबड घरात शिरलं म्हणून घराला कुलूप?

माळरान
'घुबड घरात आलं तर शांती करून घ्या आणि तीन दिवस घर बंद ठेवा,' असं काल एका गृहस्थांनी इथे लिहिलं आणि खाली धन्यवादांची रांग लागली. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या वर्षी शेजारच्या जुन्या वाड्यात, माळ्यावर गव्हाणी घुबडाचं पिल्लू सापडलं. घरचे झाडू आणि काठी घेऊन तयार. मी टॉवेल टाकून त्याला उचललं. पांढरा बदामाच्या आकाराचा चेहरा, काळेभोर डोळे आणि घशातून कुकरची वाफ सुटावी तसा आवाज. हाच आवाज रात्री ऐकून लोक भूत म्हणतात. माळ्यावर काळ्या गोळ्या पडल्या होत्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस, हाडं गोळी करून ओकून टाकतं. एक गोळी भिजवून फोडली, तर आत तीन उंदरांच्या कवट्या. त्याच वाड्यात उंदरांपायी धान्याची पोती आढ्याला टांगायची वेळ आली होती, आणि काठी निघाली ती घुबडावर!

पाखरू घरात येतं ते आडोशाला, भक्ष्याच्या मागे नाहीतर वाट चुकून. त्यात तुमच्या नशिबाचा काय संबंध?

जुनाजाणता
शिकलेली माणसं सगळंच एका फटक्यात मोडीत काढतात. आम्हाला लहानपणी सांगितलं होतं, घुबडाला दगड मारलास तर ते तो दगड उचलून नेतं आणि ओढ्यावर घासत बसतं. दगड झिजेल तसा तू झिजशील. आम्ही गोफणीने होले मारले, पारवे मारले, पण घुबडावर एकानेही दगड टाकला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आमच्या गावात कुणाला ठाऊक होता? घुबडं वाचली ती या गोष्टीमुळे.

माळरान
पोरांपुरतं मान्य करतो. पण भीती तेवढ्यावर थांबत नाही. ज्या पाखरात काहीतरी शक्ती आहे असं लोक मानतात, त्याचाच बाजार होतो. दिवाळीच्या सुमाराला लक्ष्मीचं वाहन म्हणून घुबडं चोरून विकली जातात, अघोरी पूजेत त्यांचा बळी जातो. याउलट पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशनचा उलूक उत्सव भरतो, शाळेची पोरं घुबडाची चित्रं काढतात. न घाबरताही जपता येतं की.

हिशेबी
घुबड वर्षातून एकदा दिसणार. घरात रोज घुसणारा खरा उपद्रवी पक्षी कबूतर, आणि त्याला पुण्य म्हणून दाणे! आमच्या गॅलरीत विष्ठेचा थर, एसीच्या मागे घरटं, सासूबाईंची फुप्फुसं कायमची अधू. २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करायला घेतले तेव्हा दादरला लोकांनी ताडपत्री फाडली. त्यावर कुणी लिहीत नाही.

जुनाजाणता
सासूबाईंचं वाईट वाटलं. पण प्रत्येक विषयात कबुतरं आणायलाच हवीत का?

निशिगंध
बाबा आजारी असताना आमच्या अंगणातल्या शेवग्यावर रोज रात्री पिंगळा, म्हणजे ते छोटं घुबड, येऊन बसायचा. एका रात्री सरळ पडवीत शिरला आणि खुंटीवर बसून राहिला. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर चौथ्या दिवशी बाबा गेले. तुम्ही खुशाल गोळ्या फोडून कवट्या मोजा. ज्याच्या घरात घडतं त्यालाच कळतं.

उंबरठा
घरात घडल्याचंच सांगते. माझ्या काकूच्या डोक्याला कावळा शिवला. माहेरच्यांनी रडलं की अरिष्ट टळतं म्हणे, म्हणून सासरच्यांनी तिच्या आईला ती गेल्याची खोटी तार केली. तार वाचून दाखवली आणि म्हातारी उंबऱ्यातच कोसळली. खुलाशाची दुसरी तार संध्याकाळी आली. तोवर तिची वाचा गेली होती, ती पुढे कधी नीट आली नाही. काकू जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिली.

जुनाजाणता
आमच्याकडेही आत्यासाठी असंच केलं होतं, पण माणूस पाठवून. तो निरोप सांगायचा आणि रडारड झाली की लगेच खरं सांगायचा. मग सगळे हसत हसत लेकीला भेटायला यायचे. सरसकट सगळ्यांना निर्दयी ठरवू नका.

उंबरठा
हसत? पोटची पोर मेल्याचं ऐकवायचं आणि मग हसायचं? तुमच्या आत्याच्या आईला कुणी विचारलं होतं का, त्या क्षणी तिच्या काळजाचं काय झालं?

जुनाजाणता
माझ्या आजीबद्दल तुम्ही मला शिकवू नका.

हिशेबी
तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, नाहीतर हे अजून चाललं असतं.

उंबरठा
चालूच आहे. आमच्या नात्यात गेल्या वर्षी व्हॉट्सॅपवर फोटोला हार घालून पाठवला. तार बंद झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला. आणि आपण अजून कावळा शिवला का यावरच आहोत.

जुनाजाणता
आजी त्या दिवशी जेवली नव्हती, एवढं आठवतं. यापुढे मी यावर बोलणार नाही.

माळरान
निशिगंध, माझा सूर तुम्हाला लागला असेल तर माफ करा. एक विचारतो, राग मानू नका. बाबांच्या आजारपणात रात्री पडवीत दिवा चालू असायचा का? घरात दुखणाईत असला की रात्रभर उजेड राहतो. उजेडावर किडे, किड्यांवर पाली, आणि या दोन्हींवर पिंगळा. एरवी अकराला अंधार होणाऱ्या घरात तो कशाला येईल? तो आजाराच्या मागून आला होता, मरण घेऊन नव्हे.

आणि पुन्हा कधी आत आला तर पंखा आणि खोलीतला दिवा बंद करा, बाहेरची एक खिडकी सताड उघडा, दार ओढून घ्या आणि निघून जा. धडधाकट असेल तर त्याचा तो जातो. जखमी असेल तर खोक्यात घालून वनखात्याला कळवा.

निशिगंध
दिवा होता. पिवळा बल्ब, पडवीच्या तुळईला. सकाळी त्याच्याखाली पंख गळलेल्या किड्यांचा सडा असायचा, मीच झाडून काढायचे. हे आजवर जोडून पाहिलं नव्हतं. पटलं असं अजून म्हणणार नाही. आईला तर हे सांगणारच नाही. दिवा रात्रभर राहू दे असं तीच म्हणाली होती.