नाव झाकून निकाल सांगा: पुढाऱ्यांचे गुन्हे आणि आपले दोन काटे

पेवातली हळद:

रविवारी मार्केट यार्डात सौदे नव्हते. अडतीवर चौघं-पाचजण चहाला बसलो होतो. मी घरून दोन चिठ्ठ्या लिहून नेल्या होत्या. नाव नाही, पक्ष नाही, गाव नाही.

पहिली चिठ्ठी: माजी मंत्री, चालू आमदार. बँकेच्या पैशाचं वीसेक वर्षांपूर्वीचं प्रकरण. शुक्रवारी पाच वर्षांची शिक्षा. शनिवार-रविवार उलटायच्या आत आमदारकी रद्द.

दुसरी चिठ्ठी: चालू मंत्री. सरकारी कोट्यातून फ्लॅट घेताना खोटी कागदपत्रं दिल्याचं तीसेक वर्षांपूर्वीचं प्रकरण. दोन वर्षांची शिक्षा. तेव्हा आमदारकी शाबूत राहिली, मंत्रिपदही. तेरा दिवसांनी वरच्या कोर्टाची स्थगिती.

विचारलं, बोला, काय व्हायला पाहिजे होतं? आमच्यातले एक काका सकाळी संघाच्या शाखेत जाऊन आलेले. दुसरे अण्णा वसंतदादांच्या काळापासूनचे काँग्रेसवाले. दोघांचं एकमत व्हायला दहा सेकंदं लागली नाहीत. कायदा दोघांना सारखा, दोघांचीही पदं त्याच दिवशी जायला हवी होती. तोलार मात्र हसत म्हणाला, "मालक, पोत्यावर मार्काच नाही, भाव कसा सांगायचा?"

मग मार्का दाखवला. पहिले सुनील केदार, काँग्रेस, नागपूर जिल्हा बँक, डिसेंबर २०२३. दुसरे माणिकराव कोकाटे, अजितदादांची राष्ट्रवादी, फेब्रुवारी २०२५.

काका लगेच म्हणाले, बँक म्हणजे ठेवीदारांचा पैसा, फ्लॅटचं किरकोळ. अण्णा म्हणाले, केदारांवर सूड उगवला, कोकाट्यांना पोटाशी धरलं. चहा गार झाला. दहा सेकंदांपूर्वी दोघांनी काय कबूल केलं होतं, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

आता आपल्या सांगली जिल्ह्यातली गोष्ट. २९ ऑक्टोबर २०२४ ला तासगावच्या सभेत अजितदादांनी सांगितलं, की सिंचन प्रकरणात त्यांच्या उघड चौकशीच्या फायलीवर गृहमंत्री असताना आर. आर. आबांनी सही केली होती. केसानं गळा कापल्याची भाषा झाली. आबा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पुढं आठवडाभर इथं चर्चा कसली? सही करून आबांनी दगा दिला का, आणि गेलेल्या माणसाबद्दल असं बोलावं का. गृहमंत्र्यासमोर चौकशीची फाईल आली, तर त्यानं आपल्या पक्षाचा माणूस म्हणून ती दाबायची असते का, हे विचारणारा एक माणूस मला भेटला नाही. आबांचे चाहतेसुद्धा "आबा असं करणारच नाहीत" म्हणून त्यांचा बचाव करत होते. अरे, केलं असेल तर ते त्यांचं कामच होतं की!

माझं म्हणणं एवढंच आहे. आरोप खरा की खोटा ते कोर्ट बघेल. पण आपण आधी माणूस कुणाचा ते बघतो आणि मग कलम शोधतो.

---

विश्रामबागकर:

हळदराव, चिठ्ठ्या छान. पण निवडल्या कुणी? तुम्ही. मग मीही दोन निवडतो.

१२ जून १९७५. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करतात. तेरा दिवसांत आणीबाणी. निकालाला जो आधार होता तो निवडणूक कायदाच मागच्या तारखेपासून बदलला. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात बाई सुटल्या. तुमच्या अण्णांना विचारा, तेव्हा ते कुठल्या बाजूला होते.

दुसरी. दिल्लीच्या मद्य धोरणाची चौकशी करा म्हणून २०२२ मध्ये पोलिसांकडं तक्रार कुणी केली? दिल्ली काँग्रेसनं. मार्च २०२४ मध्ये केजरीवालांना अटक झाल्यावर रामलीला मैदानावर त्यांच्यासाठी व्यासपीठावर कोण होतं? तीच काँग्रेस. आणि हे महाशय सहा महिने तुरुंगातून मुख्यमंत्री. चपराश्यावर गुन्हा दाखल होऊन अठ्ठेचाळीस तास कोठडी झाली तरी तो निलंबित होतो.

म्हणून ऑगस्ट २०२५ चं १३० वं घटनादुरुस्ती विधेयक मला पटतं. पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडी, की एकतिसाव्या दिवशी पद गेलं. पंतप्रधानसुद्धा त्यात. सगळ्यांना एकच काटा. विरोध कोण करतंय बघा.

---

मिरज जंक्शन:

काटा एकच, पण वजनं ठेवणारा हात कुणाचा ते सांगा की साहेब.

---

कोर्टकचेरी:

मी तालुका कोर्टात वकिली करते. भावनेचं नंतर, आधी कायदा, कारण चिठ्ठीत एक गोष्ट राहिली.

१० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालापर्यंत दोषी ठरलेल्या आमदार-खासदाराला तीन महिन्यांची सवलत होती. अपील टाकलं की खुर्ची तशीच. सर्वोच्च न्यायालयानं लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं ते कलम ८(४) रद्द केलं. तेव्हापासून दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की अपात्रता निकालाच्या दिवसापासून. लालूप्रसादांची खासदारकी त्याच वर्षी गेली.

ती वाचवायची तर नुसत्या शिक्षेला स्थगिती पुरत नाही, दोषसिद्धीला स्थगिती लागते. पक्षकारांनाच काय, वार्ताहरांनाही हा फरक समजावून सांगताना घसा बसतो. शिक्षेला स्थगिती म्हणजे तुरुंगात जायचं थांबलं. दोषसिद्धीला स्थगिती म्हणजे तूर्त दोषी नाही. कोकाट्यांना आधी पहिली मिळाली, दुसरी ५ मार्चला. मधल्या दिवसांत कायद्याच्या हिशेबानं आमदारकी गेलेली होती, फक्त विधिमंडळाची अधिसूचना निघाली नव्हती. केदारांची निघाली. राहुल गांधींना सुरतच्या कोर्टानं २३ मार्च २०२३ ला दोन वर्षं दिली, २४ तारखेला लोकसभेची निघाली. कलमाचा शब्द तिन्ही ठिकाणी तोच. कागद टाईप व्हायला लागलेला वेळ वेगळा. दोन काटे बघायचे तर तिथं बघा, अडतीवर नाही.

आणि विश्रामबागकर, तुमच्या विधेयकाबद्दल. कोठडी म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ४५ मध्ये जामीन हवा तर आरोपी दोषी नाही असं कोर्टाला आधी वाटावं लागतं. २०२२ मध्ये ते कलम सर्वोच्च न्यायालयानंही उचलून धरलं. त्यात तीस दिवस म्हणजे काहीच नाही. छगन भुजबळ मार्च २०१६ ते मे २०१८ आत होते. २०२१ मध्ये महाराष्ट्र सदनाच्या लाचलुचपत खटल्यात आरोपमुक्त झाले. २०२३ मध्ये, ज्यांच्या राज्यात आत गेले त्यांच्याच बरोबर मंत्री. आत जाताना ते मंत्री असते, तर तुमच्या नियमानं त्यांचं पद कधी जायला हवं होतं, आणि कधी परत मिळायला?

---

विश्रामबागकर:

मॅडम, हे मान्य, जामिनाची अट कडक आहे. पण राहुल गांधींचं निघालंच आहे तर पुरतं सांगा. सप्टेंबर २०१३ मध्ये लिली थॉमस निकाल बोथट करणारा अध्यादेश त्यांच्याच सरकारनं आणला होता. तो फाडून फेकण्याच्या लायकीचा आहे असं पत्रकार परिषदेत म्हणणारे तेच. दहा वर्षांनी तोच कायदा अंगावर आला तर तो सूड कसा?

---

कोर्टकचेरी:

फाडा म्हणाले ते बरोबरच केलं, त्यात मला शंका नाही. सर्वोच्च न्यायालयानं ४ ऑगस्ट २०२३ ला स्थगिती देताना काय विचारलं ते मात्र वाचा. बदनामीच्या कलमात जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं, ती पूर्णच्या पूर्ण का दिली याचं कारण खालच्या कोर्टानं लिहिलं नाही. एक दिवस कमी असता तर खासदारकी जात नव्हती.

---

सावळजचा द्राक्षवाला:

तुम्ही सगळी शहरातली माणसं कलमं मोजत बसलाय. माझं ऐका.

माझ्या रानात टँकरनं बागा जगवल्यात आम्ही. दोन टँकर पाण्यासाठी बायकोचं डोरलं गहाण होतं. मग म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आलं. ज्या दिवशी पाटात पाणी दिसलं त्या दिवशी म्हातारा अनवाणी जाऊन पाय बुडवून उभा राहिला, बोलला काहीच नाही. आता मला सांगताय सिंचनात घोटाळा. झाला असंल. पण ज्यानं पाणी आणलं त्याला मी मत देणार, मग तो कुठल्या का पक्षात जाईना. तुम्ही ह्याला दोन काटे म्हणा, मी हिशेब म्हणतो.

तासगावच्या त्या सभेला मी होतो. माझ्या शेजारचा एकजण म्हणाला, "आबांनी सही केली आसंल तर शाबास." चारजणांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो तंबाखू मळायला लागला. तेव्हा हळदराव, विचारणारा एक होता. तुम्हाला भेटला नाही एवढंच.

---

माई खणभाग:

द्राक्षवाले दादा, तुमच्या वडिलांचं वाचून डोळे भरले. पण एक विचारते. पाणीपट्टी तुम्ही भरता की नाही? ऊसवाल्यांच्या तर कारखान्याच्या बिलातूनच कापून घेतात. योजनेचा खर्च कुणी फुगवला असेल, वर्षं कुणी लांबवली असतील, तर तुमचं डोरलं तेवढी वर्षं जास्त गहाण राहिलं. पाणी आणल्याबद्दल मत द्या, जरूर द्या. पण उशिराचा जाब विचारायचा नाही असं कुठं ठरलंय?

---

सावळजचा द्राक्षवाला:

माई, हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. पण जाब विचारू कुणाला? २७ जून २०२३ ला पंतप्रधान भोपाळात राष्ट्रवादीच्या सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा हिशेब मांडत होते. २ जुलैला अजितदादांचा भाजपबरोबर शपथविधी. पाच दिवस. माझा बेदाणासुद्धा पाच दिवसांत वाळत नाही.

---

कुंडलवाला:

सगळे कायदा कायदा करताय म्हणून आठवण देतो. हा प्रतिसरकारचा मुलूख आहे. १९४३ मध्ये शेणोलीला रेल्वे लुटली, ती कायद्यात बसत होती काय? क्रांतिसिंह नाना पाटील फरार आरोपीच होते, १९५७ ला साताऱ्यानं त्यांना खासदार केलं. आमच्या लोकांना आरोपी आणि पुढारी एकच माणूस असू शकतो हे माहिती आहे. तुमची चिठ्ठी ४३ सालात वाचली असती तर?

---

मिरज जंक्शन:

कुंडलवाले, लुटलेला पैसा चळवळीला गेला, स्वतःच्या नावावर फ्लॅट नाही झाला. आणि त्यांनी इंग्रजाच्या कोर्टात "मी तर केलंच नाही, माझ्यावर सूड" असं रडगाणं लावल्याचं ऐकलं नाही बुवा. उगाच मोठ्या माणसांना आजच्या रांगेत उभं करू नका.

---

कुंडलवाला:

रांगेत मी नाही उभं करत. दर निवडणुकीला स्टेजवर त्यांचे फोटो लावून तुमचे सगळे पक्ष करतात.

---

पेवातली हळद:

द्राक्षवाले, माझं चुकलं, तो तंबाखू मळणारा माझ्या हिशेबात नव्हता.

कोर्टकचेरी ताई, तुमचा मुद्दा मला निम्माच मान्य. अधिसूचना कुणी उशिरा काढली हे खरं. पण ती उशिरा काढायची हिंमत कुठून येते? काका रागावणार नाहीत हे माहीत असतं म्हणून. अण्णांचं सरकार असतं तर अण्णा गप्प बसले असते. अशोक चव्हाणांनी आदर्श सोसायटी प्रकरणाच्या वेळी २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं. काकांनी तेव्हा पेढे वाटले होते, मी खाल्लेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाजपमध्ये आल्यावर काका म्हणाले, "सिद्ध कुठं झालंय?"

---

विश्रामबागकर:

सिद्ध कुठं झालंय हे खरंच विचारण्यासारखं आहे. त्यांच्यावर खटला चालवायची राज्यपालांनी दिलेली मंजुरी डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केली. तेव्हा ते काँग्रेसमध्येच होते. हे तुमच्या चिठ्ठीत येत नाही.

बरं, आता माझी एक चिठ्ठी. नाव झाकून. फसवणूक नाही, उत्तर द्या.

राज्यातला मंत्री. फेब्रुवारीत ईडीची अटक. राजीनामा नाही. महिन्याभरानं खाती दुसऱ्यांकडं दिली, पण मंत्रिपद तसंच, कोठडीतून. सरकार पडलं तेव्हाच ते गेलं. काय व्हायला पाहिजे होतं?

---

पेवातली हळद:

पहिल्या दिवशी राजीनामा. दोषी म्हणून नाही, कोठडीतून मंत्रिपद चालत नाही म्हणून. यात विचार करण्यासारखं काही नाही.

---

विश्रामबागकर:

मार्च २०२२ मध्ये याच धाग्यांवर तुम्ही लिहिलं होतं, "नवाब मलिकांनी राजीनामा दिला तर तो दडपशाहीचा विजय ठरेल." दोनदा लिहिलं होतं. मी तेव्हाही वाद घातला होता.

---

मिरज जंक्शन:

🙂 पुढचंही सांगा की. डिसेंबर २०२३ मध्ये याच मलिकांना महायुतीत घेऊ नका म्हणून फडणवीसांनी अजितदादांना जाहीर पत्र लिहिलं. २०२४ च्या विधानसभेला त्यांना उमेदवारी महायुतीतल्याच पक्षाची.

---

पेवातली हळद:

ते महायुतीनं बघावं. विश्रामबागकरांनी मला विचारलंय.

जुने प्रतिसाद काढून वाचले. दोनदा नाही, तीनदा लिहिलंय. तिसऱ्यात तर तुम्हाला भक्त म्हटलंय.

येत्या रविवारी अडतीवर या. ती चिठ्ठी तुमच्या हातानं काका आणि अण्णांना वाचून दाखवा. माझे २०२२ चे प्रतिसाद मी छापून आणतो, तोलाराकडं देतो, मार्का काढून.