नुसती थंडी पुरत नाही

बर्फ वितळवायला फरशीखाली तापणारी केबल बसवतात. तिच्याबद्दल ‘पारा शून्याखाली गेला की हीटर आपोआप सुरू होतो’ असं म्हणतात ते अर्धंच खरं. थंडीबरोबर ओलही लागते. कोरड्या कडाक्यात कंट्रोलर, म्हणजे केबल चालू-बंद करणारी पेटी, ढिम्म हलत नाही, आणि तेच बरोबर. नाहीतर विजेचं बिल बघायला नको.

गंमत ओल ओळखण्यात आहे. भुसभुशीत कोरड्या बर्फातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून सेन्सरच्या चकतीत स्वतःचा छोटा हीटर असतो. वर पडलेला बर्फ तो वितळवतो, त्या पाण्याने धातूच्या दोन कड्यांमधलं सर्किट पुरं होतं आणि रिले, म्हणजे केबलची वीज जोडणारा स्विच, खटकन लागतो. तापमानाची मर्यादाही बहुधा ३-४ अंश सेल्सिअसवर ठेवतात, कारण शून्याच्या जरा वरही बर्फ पडतो. पडायचा थांबला तरी केबल काही तास तापतच राहते. तो बिघाड समजून बटण बंद करू नका, नाहीतर ओली फरशी काचेसारखी गोठते.