काही त्रास नसताना कॅन्सरची रक्ततपासणी करावी का?

कृष्णाकाठ: विश्रामबागला आमच्या सोसायटीत रविवारी शिबिर आहे. बायकांना अंडाशयाच्या कॅन्सरसाठी सीए-१२५, पुरुषांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पीएसए; दोन्ही रक्तातली प्रथिनं. माझं मत, सगळ्यांनी करून घ्यावी. माझी आई अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. पोट फुगतंय म्हणून सहा महिने गॅसच्या गोळ्या खाल्ल्या, निदान झालं तोवर पोटात पाणी झालं होतं. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी उंदराची प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनाला नेमकी चिकटणारी, म्हणजे अँटीबॉडी) बनवणारी पेशी अमर कॅन्सरपेशीशी जोडली. त्यातून एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तेवढी मिळू लागली. १९८४ चं नोबेल त्यालाच. रक्तातलं नेमकं प्रथिन हुडकणारं हत्यार हाताशी असताना थांबायचं कशाला?

मिरजेची लॅबवाली: दादा, आईचं वाचून वाईट वाटलं. पण मी रोज हेच रिपोर्ट काढते. प्रतिपिंड सीए-१२५ बरोबर धरतं, तिथं चूक नाही. मात्र सीए-१२५ काही फक्त कॅन्सरमुळे वाढत नाही. पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं), पोटाचा टीबी, सगळ्यात वाढतं. माझ्या जावेचं १४८ आलं होतं, हवं ३५ च्या आत. आकडा ठळक अक्षरात. रिपोर्ट उशाखाली ठेवून ती रात्र-रात्र बसायची, धाकट्याची दहावी तरी बघायला मिळेल का म्हणायची. बायोप्सीत टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, आता शेतात जाते.

कृष्णाकाठ: ताई, म्हणजे टीबी तरी सापडलाच ना?

मिरजेची लॅबवाली: तिला ताप होता, वजन उतरलं होतं. सोनोग्राफी तशीही होणारच होती. मी बोलतेय ते ठणठणीत बाईबद्दल. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आला. दरवर्षी सीए-१२५ बघून काही कॅन्सर लवकर सापडले, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. माझ्या मते हे शिबिर घेऊच नये.

वाईकर: सगळ्याच प्रतिपिंड-चाचण्यांना एका माळेत ओवू नका. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी चाचणीही प्रतिपिंडांवरच चालते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी अनेक देश ती पन्नाशीनंतर सरसकट करतात.

तासगावचा बागायतदार: आमच्या गावात आधी तोंडं बघा! चुलतीच्या कोनाड्यात मिश्रीची डबी कायम असायची. गालाच्या आतला पांढरा चट्टा आशाताईंनी बॅटरी लावून बघितला म्हणून वेळेत कळला. त्याला रक्त काढावं लागलं नाही. आणि उस्मानाबाद जिल्ह्यात लाखावर बायकांचा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणीनं गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. सोसायटीनं पैसे तिकडं लावावेत.

कृष्णाकाठ: दादा, तुमचं पटतंय, दोन्ही करू. पण बहिणीची सीए-१२५ मी करणारच. ती ४२ ची आहे, आणि मावशीही स्तनाच्या कॅन्सरनं गेली.

मिरजेची लॅबवाली: मग तिला शिबिरात नेऊ नका. आईला अंडाशयाचा आणि मावशीला स्तनाचा, म्हणजे बीआरसीए जनुकाचा प्रश्न आहे; त्यात बिघाड असला की हे दोन्ही कॅन्सर घराण्यात दिसतात. कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा, आणि आईचा बायोप्सीचा कागद शोधून सोबत न्या. तुम्हीही जा, तो बिघाड भावातही उतरतो.