मेंढ्यांच्या मुलखातील शेतघरात मेंढवाडा का नसतो?

पाऊलवाट यांचा प्रश्न

सप्टेंबर महिन्यात इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टमध्ये आठ दिवस राहण्याचा योग आला. ट्राउटबेक या खेड्यातील 'टाउनएंड' हे १६२६ सालचे शेतघर मी दोनदा पाहिले. ब्राउन कुटुंबाच्या पिढ्यान् पिढ्या १९४३ पर्यंत तिथे नांदल्या. जाड दगडी भिंती, गोल धुराडी, ओकचे कोरीव सामान असे सगळे मनात भरले. परंतु एक गोष्ट उलगडली नाही. हा सारा मुलूख लोकरीवर उभा राहिलेला असूनही घरात किंवा आवारात मेंढवाडा म्हणावा असे काही मला आढळले नाही. समोरच्या कोठारावर एक लाकडी सज्जा होता. तिथे बसून बायका सूत कातत, असे सांगतात. पण त्या वाऱ्यात आणि गारठ्यात ते खरेच शक्य होते का? जाणकारांनी कृपया सांगावे.

दगडमाती यांचे उत्तर

मेंढवाडा दिसला नाही, कारण तिथल्या मेंढ्या घरी राहतच नाहीत. हर्डविक ही तिथली मूळची जात असून डोंगरावरील आपला ठरलेला चराऊ पट्टा ती सहसा सोडत नाही. कोकराला तो पट्टा आईमागे फिरता फिरताच कळतो. त्या पट्ट्याला स्थानिक बोलीत 'हीफ' म्हणतात. शेत विकले गेले, तरी कळप बहुधा त्याच शेताबरोबर राहतो. त्यामुळे डोंगरावर कुंपण घालण्याची गरज फारशी उरत नाही आणि घराशी मोठा निवारा बांधण्याचीही नाही.

आडोसा लागे तो पहिल्या हिवाळ्यातील पिलांना. अशा पिलाला 'हॉग' म्हणतात आणि त्यांच्यासाठी घरापासून दूर, कुरणाच्या कडेला लहानसे दुमजली 'हॉग-हाउस' बांधत. खाली पिले, वर गवत. माळ्यावरून गवत खाली सोडले की गवताचा भारा पाठीवर घेऊन बर्फातून जाण्याचे कष्ट वाचत. आपण पाहिलेले कोठार ही त्याच विचाराची मोठी आवृत्ती आहे. ते उतारात बसवलेले असल्यामुळे गाडी चढाच्या बाजूने थेट वरच्या मजल्यावर जाते आणि खाली गुरांचा गोठा राहतो. डोंगरउताराचा इतका समंजस उपयोग मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे.

जुनी घरे यांचे उत्तर

सज्ज्याबद्दल आपली शंका रास्त आहे. अशा सज्ज्याला 'स्पिनिंग गॅलरी' म्हणजे कताईचा सज्जा म्हणतात. नावात कताई असली, तरी तिथे वर्षभर चरखा चालत असेल, असे मलाही वाटत नाही. उन्हाळ्यातील उजेडाचे चार दिवस सोडले, तर त्याचा खरा उपयोग दोन कामांसाठी असावा: बाहेरून वरच्या मजल्यावर जाण्याची वाट म्हणून आणि पावळीच्या आडोशाला लोकर किंवा सूत वाऱ्यावर टाकण्यासाठी. तिथल्या पावसाचा विचार केला म्हणजे हे पटते. बॉरोडेल खोऱ्यातील सीथवेट येथे वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळपास आपल्या कोकणाइतका. फरक इतकाच, की तो चार महिन्यांत आटोपत नाही, बारा महिने पडत राहतो. अशा हवेत लोकर कोरडी राखणे हा पोटापाण्याचाच प्रश्न होता. जवळच्या केंडल शहराचे ब्रीदवाक्यच 'कापड हीच माझी भाकरी' या अर्थाचे आहे.

बांधणीच्या काळाविषयी एक मुद्दा जोडतो. केंडल परिसरातील कुळांचा जमिनीवरचा वारसाहक्क १६२५ मध्ये न्यायालयाने मान्य केला. जमीन मुलाबाळांना मिळणार, हे ठरल्यावर माणूस दगडात पैसा घालतो; त्या शतकात अशी पक्की घरे वाढण्यामागे लोकरीच्या पैशाइतकेच हे कारणही मला महत्त्वाचे वाटते.

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. आता एक आठवते: तिथल्या एका घरात चुलीशेजारच्या भिंतीत हातभर उंचीचे एक कपाट होते आणि त्याच्या दारावर नवरा-बायकोची आद्याक्षरे व साल कोरलेले होते. ते दागिन्यांचे असावे, असे मी समजलो होतो.

दगडमाती

ते मीठ-मसाल्याचे कपाट. चुलीच्या उबेने मीठ कोरडे राहावे, त्याला पाणी सुटू नये, म्हणून ते नेमके तिथे बसवत.