शाळेत 'खरं संशोधन' करायचं कधी, मधल्या सुट्टीत?

खडूवाले: काल एका गृहस्थांची पोस्ट वाचली. नववीच्या पोरांकडून खरं संशोधन करून न घेणारा शिक्षक म्हणे विज्ञान शिकवतच नाही, उत्तरं घोकून घेतो. साहेब, वर्गात पासष्ट पोरं. सूक्ष्मदर्शक दोन, त्यातल्या एकाचा आरसा फुटलेला. वर बीएलओची म्हणजे मतदार याद्यांची कामं, पोर्टलवर माहिती भरणं. दहावीला विज्ञानाचे पेपर ४०-४० चे, त्यात 'तू काय शोधलंस' याला शून्य गुण. करायचं कधी, मधल्या सुट्टीत?

बहावा: हो, मधल्या सुट्टीतच. आमच्या शाळेतली मुलं सीझनवॉचसाठी, म्हणजे झाडांच्या ऋतुबदलांच्या देशभरच्या नोंदींसाठी, आठवड्यातून एकदा ठरलेली झाडं बघतात. कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं: नाहीत, थोडी की भरपूर, एवढंच लिहायचं. खर्च काही नाही. यंदा एकीने विचारलं, रस्त्याकडचा बहावा आवारातल्याच्या आधी का फुलला? दिव्यामुळे? तापलेल्या डांबरामुळे? मलाही माहीत नाही. दोन झाडांवरून काही ठरत नाही, म्हणून पोरं आता गावातले सगळे बहावे धुंडाळतायत.

खडूवाले: खुणा करणं म्हणजे संशोधन? मग हजेरीपटही संशोधनच की.

बहावा: गळती हजेरीपटावरूनच कळते, सर.

दादरची_आई: संशोधन म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात प्रकल्प आणि मुलाखत असते. लेक सहावीत. विषय क्लासवाल्यांनी दिला, आलेख मी रात्री एकपर्यंत रंगवले.

तिसरा_बाक: म्हणजे प्रकल्प तुमचाच. मुलाखतीला तुम्हीच बसायचं होतं.

दादरची_आई: तुम्हाला काय जातंय बोलायला! बाकीच्यांच्या फाइली छापील आल्यावर पोराला वेडीवाकडी वही देऊन पाठवाल?

तिसरा_बाक: पाठवली होती. मटकीला मोड आणायच्या नोंदी, वहीवर तेलाचे डाग, एका पानावर 'आज बघायचं विसरले'. पदक नाही मिळालं. पण विचारलेलं सगळं लेकीने धडाधड सांगितलं.

दादरची_आई: वा! पुतळा उभारू का तुमचा?

नर्मदाकाठ: आवरा दोघं. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम १९७२ मध्ये १६ खेडेगावच्या शाळांत सुरू झाला. स्वस्त किट, पोरांनी स्वतः केलेले प्रयोग, परीक्षेलाही पुस्तक उघडं. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंद करेपर्यंत तीस वर्षं चालला. तेव्हा साधनं नाहीत हे रडगाणं मला सांगू नका.

खडूवाले: तो सहावी ते आठवीचा होता. दहावीच्या बोर्डाची टांगती तलवार नव्हती. शिवाय त्यांना परीक्षाच बदलून मिळाली. मला द्या तशी, उद्या पोरांना नाल्यावर नेतो.

नर्मदाकाठ: परीक्षेचं तेवढं बरोबर बोललात. बाकी सबबी.

बहावा: झाड बघायला बोर्डाची परवानगी लागत नाही, सर.

खडूवाले: आवारात एकच झाड आहे, तेही अशोकाचं. बरं बाबा, बघतो सोमवारपासून. मुख्याध्यापकांनी 'कोणत्या तासिकेत बसवलं' विचारलं की तुमचा नंबर देतो.

तिसरा_बाक: आलेख रंगवायला दादरच्या ताई आहेतच.

दादरची_आई: ब्लॉक.