बक्षिसाचा आकडा आणि कॅलकटा

पूल या बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळात, २०२४ च्या जेद्दा विश्वविजेतेपदात विजेत्या फेडोर गोर्स्टला अडीच लाख डॉलर मिळाले, म्हणून पूलमध्ये बक्कळ पैसा आहे असं कुणी म्हटलं, तर ते काही पटत नाही. तेवढे एकालाच मिळाले. अमेरिकेतल्या छोट्या स्पर्धांत बक्षिसापेक्षा मोठी रक्कम बऱ्याचदा 'कॅलकटा'त असते. सामन्यांआधी खेळाडूंचा लिलाव होतो, बोलीचे पैसे एकत्र जमतात आणि वरच्या क्रमांकांच्या खेळाडूंवर बोली जिंकलेल्यांत वाटले जातात. खेळाडू बहुधा स्वतःतला निम्मा हिस्सा घेतो: ८०० डॉलरला गेला तर ४०० भरायचे, मिळकतीत निम्मा वाटा. गोची अशी, की नावाजलेला खेळाडू महाग जातो. तिसरा येऊनही कधीकधी ते ४०० सुटत नाहीत. शिवाय प्रवेश फी पाठीराख्याने, म्हणजे खेळाडूवर पैसे लावणाऱ्याने, भरली असेल, तर खर्च वजा जाता मिळकतीतलं साधारण अर्धं त्याचं.