टँटलम, टँटलम काय करताय? आधी जंक्शन जमवा

कोथरूडचा_किडा: २०२५ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने टँटलम या धातूच्या क्यूबिटचं (क्वांटम संगणकाच्या मूळ घटकाचं) आयुष्य, म्हणजे त्यातली ऊर्जा गळेपर्यंतचा वेळ, एक मिलिसेकंदाच्या वर नेलं, तेव्हापासून पुण्यातल्या क्वांटमच्या गप्पांत टँटलमचा जप सुरू आहे. माझं मत विरुद्ध आहे. पैसा आणि माणसं आधी जंक्शनच्या, म्हणजे क्यूबिटमधल्या दोन धातुथरांच्या पातळ सांध्याच्या, कामाला लावा.

टँटलमच्या क्यूबिटमध्येही जोसेफसन जंक्शन अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. टँटलम फक्त कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) आणि रेझोनेटरपुरता (क्यूबिट वाचणारं सर्किट). जंक्शनची कृती जुनीच: ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने) रेझिस्टचा, म्हणजे नक्षी कोरायच्या लेपाचा, अधांतरी पूल करायचा, एका कोनातून अ‍ॅल्युमिनियम चढवायचं, चेंबरमध्ये ऑक्सिजन सोडायचा, मग दुसऱ्या कोनातून पुन्हा अ‍ॅल्युमिनियम. मधला ऑक्साइड एक-दोन नॅनोमीटरचा. जंक्शनचा विद्युतरोध ४ टक्के हलला की ५ गिगाहर्ट्झचा क्यूबिट १०० मेगाहर्ट्झने हलतो आणि शेजारच्या क्यूबिटच्या फ्रिक्वेन्सीच्या उरावर बसतो. मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था आणि पुण्याच्या डीआरडीओ लॅबने २०२४ मध्ये सहा क्यूबिटचा प्रोसेसर चालवून दाखवला. सहाला निभावतं, साठला कसं निभावणार?

रसायनवाली: अजिबात पटलं नाही. जंक्शन फ्रिक्वेन्सी ठरवतं, पण ऊर्जा गळते ती बरीचशी पृष्ठभागावरच्या ऑक्साइडमध्ये. निओबियमवर दोन-तीन जातींचे ऑक्साइड एकावर एक चढतात, टँटलमवर मुख्यतः एकच. शिवाय टँटलमला पिरान्हात, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात, खुशाल बुडवून साफ करता येतं. अ‍ॅल्युमिनियम बुडवून बघा, फिल्म उरणार नाही. धातूच ठरवतो तुम्ही किती घासू शकता ते! मग ‘आधी जंक्शन, मग धातू’ हे कुठून आलं?

कोथरूडचा_किडा: ताई, २०२५ च्या कामात टँटलमखालचा नीलम-स्फटिकाचा पायाही बदलून उच्च-रोधाचं सिलिकॉन घेतलं होतं. सगळं श्रेय टँटलमच्या खात्यात कसं टाकता? आणि तो सिलिकॉनवर गरम करून चढवला तर सीमेवर सिलिसाइड (दोघांचं संयुग) होतं, थंड चढवला तर बहुधा बीटा फेज (टँटलमची एक स्फटिकरचना) मिळते. आपल्याला हवी अल्फा रचना, साधारण ४ केल्विनला अतिवाहक (विजेला रोध न करणारी) होणारी.

रसायनवाली: खाली निओबियमचा पातळ थर द्या, खोलीच्या तापमानालाही अल्फा येते. हे आता गुपित राहिलेलं नाही.

भोसरी_वर्कशॉप: तुमचं चालू द्या. पण ती चिप ठेवायला ऑक्सिजनमुक्त तांब्याचा डबा लागतो, आणि आतली पोकळी मोठी झाली तर डब्याचाच मोड (पोकळीतल्या लहरींची फ्रिक्वेन्सी) क्यूबिटच्या फ्रिक्वेन्सीजवळ येतो. स्क्रू पितळी लावा, साधा स्टीलचा नको; चुंबकत्व नडतं. याबद्दल इथे कुणी चकार शब्द काढत नाही.

पाषाणकर: दोघंही छोट्या लॅबचं भांडण भांडताय. बेल्जियमच्या आयमेक या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये ३०० मिलिमीटरच्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) ई-बीम आणि लिफ्ट-ऑफशिवाय (लेपासकट नको तो धातू उचलून काढणं), ऑप्टिकल लिथोग्राफी (प्रकाशाने नक्षी उठवणं) आणि एचिंगने (नको तो भाग कोरून काढणं) क्यूबिट केले. त्यातले ९८ टक्क्यांहून जास्त चालले, आयुष्य १०० मायक्रोसेकंदांच्या वर. कोनातून धातू चढवणं मोठ्या वेफरवर टिकणार नाही.

रसायनवाली: बरोबर, पण त्यात दोन थरांमध्ये वेफर हवेत येतो. आधीचा ऑक्साइड आर्गॉनने खरवडून नवा वाढवावा लागतो, म्हणजे पुन्हा पृष्ठभागच आला ना राव! आणि टँटलम फॅबला (चिपच्या कारखान्याला) परका नाही, तांब्याच्या वायरिंगखाली त्याचा थर असतोच. वाद नको, चाचणी करा. तेच सिलिकॉन, तोच मास्क (नक्षीचा साचा), निम्म्या चिपवर अ‍ॅल्युमिनियमचे कपॅसिटर, निम्म्यांवर टँटलमचे.

कोथरूडचा_किडा: चालेल. पण जंक्शन दोन्हींवर एकाच रनमध्ये करायची, आणि थंड करण्याआधी प्रोब स्टेशनवर (सुया टेकवून मोजायच्या यंत्रावर) घेतलेले सगळे रोध इथे टाकायचे. नुसता सर्वांत चांगल्या क्यूबिटचा आकडा नको.